गेफ्रायटर म्हणजे कॉर्पोरल नव्हे

'हिटलर पहिल्या महायुद्धात कॉर्पोरल होता, म्हणजे एनसीओच (शिपाई आणि अधिकारी यांच्या मधला हुद्देदार)' असं म्हटलं जातं, ते दुरुस्त करायला हवं. त्याचा हुद्दा गेफ्रायटर, नोव्हेंबर १९१४ पासून. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या सैन्यात गेफ्रायटर हा शिपायांतच मोजला जाई. इंग्रजी भाषांतरात त्याचा कॉर्पोरल झाला आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

खरे एनसीओ उंटरऑफिझियरपासून. त्यावर सार्जंट, मग फीत्सेफेल्डवेबेल आणि सगळ्यात वर फेल्डवेबेल. घोडदळात आणि तोफखान्यात फेल्डवेबेलला वाख्टमाइस्टर म्हणत.

जुने फोटो बघताना आधी कॉलर बघा. कडेने सोनेरी किंवा चंदेरी पट्टी असेल तर माणूस एनसीओ. पट्टीबरोबर मोठं बटणही असेल तर सार्जंट किंवा त्याच्या वरचा. पट्टी नाही, नुसतं लहान बटण, तर गेफ्रायटर. मलाही आधी बटण दिसलं की सार्जंटच वाटायचा.

पण एनसीओंमधली खरी सीमारेषा तलवारीच्या मुठीला बांधलेल्या गोंड्याची, म्हणजे पोर्टेपेची. वरच्या दोन हुद्द्यांना अधिकाऱ्यांसारखा गोंडा मिळे, खालच्या दोघांना नाही. फेल्डवेबेलच्या बाहीवर आणखी एक पट्टी असे. कंपनीची हजेरी, कागदपत्रं, शिस्त सगळं त्याच्याकडे, म्हणून शिपाई त्याला 'कंपनीची आई' म्हणत. मला तरी या सैन्याचा कणा हाच माणूस वाटतो. बारा वर्षं नोकरी झालेल्या एनसीओला पुढे सरकारी नोकरीचा हक्क मिळे, त्यामुळे पोस्टात नि रेल्वेत असे बरेच माजी एनसीओ दिसत.