मदत हवी आहे : ब्लेडवाल्या वस्तऱ्याने दाढी शिकतोय, हनुवटीपाशी अडलोय

नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले वस्तऱ्याने घरीच दाढी करतोय, तोच ज्यात नेहमीचं दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धं अडकवतात. गालांवर आता हात बसलाय, साधारण ३० अंशाचा कोन धरून, दुसऱ्या हाताने कातडी वर ताणून, केस वाढतात त्याच दिशेने छोटे छोटे हात मारले की खरखर असा बारीक आवाज येतो आणि गाल अगदी साफ होतो, ते समाधान मोठं आहे! पण हनुवटीची गोलाई आणि जबड्याखाली, तिथे कोन चुकतोच, आणि मानेवर माझे केस आडवे वाढतात त्यामुळे ब्लेड अडखळतं. काल परत कापलं, तुरटी फिरवल्यावर चांगलीच चुणचुणली. दाब अजिबात देत नाही, फेसही घट्ट करतो.

तर जाणकारांनो, हनुवटीवर कातडी ताणायची कशी, ओठ आत ओढून की बोटांनी? डाव्या बाजूला हात बदलता की उजव्यानेच करता? आणि अर्धं ब्लेड किती दाढ्यांना वापरता? वस्तरा सोडायचा नाहीये, नीट शिकायचाच आहे, प्लीज सविस्तर सांगा.