मेनिएरची चक्कर: सोलापूरच्या उन्हात मीठ-पाण्याचं कसं जमवायचं?

सातरस्ता
आई ५४ वर्षांची. डाव्या कानाला दडा बसतो, आत घूंऽऽ आवाज येतो आणि मग दोन-तीन तास घर गरगर फिरतं, उलट्या होतात. ऑडिओग्राममध्ये खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात असं निघालं. मेनिएर, म्हणजे आतल्या कानाचा आजार, म्हणून बीटाहिस्टीन ही चक्करेची गोळी १६ मिग्रॅ तीन वेळा चालू आहे. मीठ कमी करा म्हणाले, पण या उन्हात घामाच्या धारा लागतात आणि शेजारी म्हणतात ओआरएस पाजा. मीठ नेमकं किती द्यायचं? आणि चक्कर आली की काय करायचं?

भुईकोट
मेनिएरमध्ये कानात पाणी वाढतं म्हणतात, ते सर्दीत पडद्यामागे साठतं ते नव्हे. आतल्या कानातला द्रव वाढून तिथल्या नाजूक पिशव्या ताणल्या जातात. तिथवर कानात घातलेले थेंब पोचत नाहीत. तेल तर अजिबात सोडू नका.

दिवसाला सोडियम दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे सगळं धरून मीठ ४ ते ५ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा ५-६ ग्रॅमचा असतो. सकाळीच अर्धा चमचा डबीत काढा आणि आईचं दोन्ही वेळचं त्यातूनच घाला. उरलेलं बाहेरच्या पदार्थांतून जातंच. भाकरीच्या पिठात मीठ नको. शेंगाचटणी घरीच बिनमिठाची कुटा, लसूण थोडा वाढवा, चव येते. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, तोही सोडियमच. सैंधवाचंही तसंच. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे किडनीचा त्रास किंवा बीपीची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: आठवडाभर अळणी आणि लग्नाच्या पंगतीत लोणचं-पापड-मठ्ठा. रोजचं प्रमाण सारखं ठेवणं जास्त महत्त्वाचं. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, पण दोन-तीन महिने नीट करून बघा.

लिटरभर ओआरएसमध्ये साधारण १.७ ग्रॅम सोडियम असतं, दिवसाचा वाटा तिथेच संपतो. घामासाठी साधं पाणी, दर तासाला फुलपात्रभर. जुलाब झाले किंवा ऊन लागलं तर मात्र ओआरएस द्यायचंच, तेव्हा मिठाचा हिशोब बाजूला.

कंबरतलाव
चक्कर सुरू झाली की आहे तिथेच खाली बसवा. मग उजव्या कुशीवर, म्हणजे चांगला कान खाली ठेवून निजवा. नजर भिंतीवरच्या एका खिळ्यावर. फिरत्या पंख्याकडे किंवा मोबाइलकडे बघू देऊ नका. प्रोक्लोरपेराझिन ही उलटी-चक्कर थांबवणारी गोळी लिहून दिली असेल तर सुरुवातीलाच द्या. रोज महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू तोल सावरायला शिकत नाही आणि हात थरथरायला लागतात.

मान वळवायचे व्हिडिओतले व्यायाम यासाठी नाहीत. कूस बदलल्यावर मिनिटभर येणारी चक्कर वेगळी, ती कानातले खडे सरकल्याने येते.

बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले किंवा धरूनही उभं राहता येईना, तर कानाचंच आहे समजून वाट बघू नका, लगेच १०८.

सातरस्ता
बीटाहिस्टीन उपाशीपोटी चालते का?

भुईकोट
जेवणानंतर द्या, नाहीतर पोटात जळजळतं. दमा किंवा अल्सर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रत्येक चक्करेची तारीख, किती वेळ टिकली आणि त्या दिवशी ऐकू कसं येत होतं, हे वहीत लिहा. एवढं करूनही चक्कर थांबली नाही तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं. तसंच कानात देतात त्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा विचार त्यानंतर, कारण त्याने उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं.