किडनी प्रत्यारोपणाआधीचा मानसिक-सामाजिक अहवाल: सांगलीतून रुग्ण पाठवताना काय बघायचं?

कृष्णाकाठ (प्रश्न):
डायलिसिसचे रुग्ण प्रत्यारोपणासाठी पुण्याला पाठवताना सोबत अहवाल जोडायचा आहे. पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतला तर बहुतेकांची बेरीज १० च्या वर, म्हणजे नैराश्याच्या शंकेच्या रेषेपलीकडं जाते. सगळ्यांनाच नैराश्य लिहायचं का? आणि नवऱ्याला बायको किडनी देणार असेल तर तिला काय विचारायचं?

मिरजेचा समाजसेवक:
थकवा, भूक, झोप हे प्रश्न युरिया वाढला की आपोआप भरतात. म्हणून पहिले दोन वेगळे मोजा: कशात मन लागत नाही, आणि उदास वाटतं. या दोघांचीच बेरीज ३ किंवा जास्त असेल तर पुढं खोदा. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याचा. तिथं शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही असो, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.

फॉर्म डायलिसिसच्या खुर्चीवर सुया टोचलेल्या असताना भरून घेऊ नका. शेजारच्या खुर्चीवरचा कान देऊन असतो, मग सगळी उत्तरं 'बरं आहे' अशीच येतात.

पूर्ण मूल्यमापनाला सिपॅट (प्रत्यारोपणाआधीची मानसिक-सामाजिक तयारी मोजायची गुणपट्टी) वापरतात. १८ मुद्दे, कमाल ११० गुण, कमी तितकं चांगलं. २० पर्यंत ठीक, ४० च्या पुढं आधी दुरुस्ती. मात्र नुसता आकडा पाठवू नका, कुठल्या मुद्द्यावर गुण चढले ते लिहा. दारू, एकटेपणा आणि चुकवलेलं डायलिसिस यांचे उपाय वेगवेगळे आहेत.

कासपठार:
व्यसनाचा प्रश्न आपल्याकडं हमखास फसतो. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की बाई 'नाही' म्हणते, आणि ते तिच्या दृष्टीनं खरंच असतं. 'दात कशानं घासता?' असं विचारा. मिश्री बाहेर येते, दिवसातून किती वेळा तेही कळतं. निकोटिन ते निकोटिनच. लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा, तपासणीत दिसणारा पदार्थ) मिश्रीनंही वाढतं. दात्यालाही हाच प्रश्न.

काढ्यांचंही तसंच. 'औषध' म्हणून कोणी सांगत नाही. गुळवेल घेता का, असं नाव घेऊनच विचारा.

संगम माहुली:
दात्याबद्दल. बायकोला एकटीला बसवा, नवरा आणि सासूबाई दाराबाहेर. 'तुम्ही तयार आहात ना?' याला 'हो'शिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी: ही गोष्ट घरात पहिल्यांदा कोणी काढली? तुम्ही नाही म्हणालात तर घरात काय होईल? नंतरचे काही आठवडे जड उचलायचं नाही, तर पाणी कोण भरणार, जनावरांचं कोण बघणार? नवऱ्याला बसवलेली किडनी काही वर्षांनी निकामी होऊ शकते हे कोणी सांगितलंय का?

ती कचरली तर टीम घरच्यांना एवढंच सांगते की दाता योग्य ठरला नाही. कारण सांगायचं नाही. ही वाट मोकळी आहे हे तिला मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा, शेवटी सांगून उपयोग नाही. १९९४ च्या कायद्यात पती-पत्नी जवळचे नातेवाईक धरले जातात, पण कागद पुरे झाले म्हणजे मनाची तयारी तपासून झाली असं नाही.

मिरजेचा समाजसेवक:
एक राहिलं. 'कुटुंबाचा पाठिंबा आहे' हे वाक्य अहवालातून काढा. त्याजागी नाव, नातं, आणि किती दिवस सोबत राहणार ते लिहा. सुरुवातीच्या आठवड्यांत तपासणीला वारंवार जावं लागतं, तेव्हा पुण्यात कुठं उतरणार तेही लिहा.

टॅक्रोलिमस (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) याची रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी बघतात. जतहून पहाटे निघालेला माणूस सवयीनं घरीच गोळी घेऊन निघतो. रक्तात पातळी खोटी वाढलेली दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि शरीर किडनी नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून रुग्णाकडून आणि सोबत्याकडून वेगवेगळं वदवून घ्या: त्या दिवशी गोळी कुठं असेल? 'खिशात, रक्त दिल्यावर घ्यायची' असं दोघंही म्हणाले तरच त्या मुद्द्यापुढं बरोबरची खूण करा.