वीज आणि वाहतुकीच्या प्रकल्पांत रचनाकाराला शेवटी का बोलावतात?

क्षितिजरेषा:
प्रकल्पाचं सगळं ठरून गेलं की रचनाकाराला सांगतात, 'आता जरा सुशोभीकरण बघा.' माझा याला ठाम विरोध आहे. कोपनहेगनजवळच्या मिडेलग्रुंडेनला समुद्रात आधी २७ पवनचक्क्या तीन रांगांत उभ्या राहणार होत्या. लोकांच्या हरकती ऐकल्यावर २० चक्क्यांची एकच कमानदार रांग ठरली आणि २००० साली ती उभी राहिली. रंगरंगोटी नाही, नक्षी नाही, नुसती मांडणी बदलली. पाया घातल्यावर हे जमलं असतं का?

लोहमार्ग:
सहमत नाही. सात चक्क्या कमी झाल्या त्याचं काय? आणि रचनेच्या नावाखाली काय होतं ते न्यूयॉर्कला बघा. वर्ल्ड ट्रेड सेंटरचं, वास्तुरचनाकार कालात्रावांनी पांढऱ्या पंखांच्या आकारात आखलेलं रेल्वे स्थानक २०१६ मध्ये उघडलं, तेही कित्येक वर्षं उशिरा. खर्च सुमारे ४ अब्ज डॉलर, म्हणजे मूळ अंदाजाच्या दुप्पट. त्या पैशात किती जुन्या स्थानकांना लिफ्ट बसल्या असत्या! प्रवाशाला वेळेवर गाडी हवी असते, पांढरे पंख नकोत.

क्षितिजरेषा:
@लोहमार्ग, मिडेलग्रुंडेनची प्रत्येक चक्की २ मेगावॅटची आहे, एकूण ४० मेगावॅट. मोठी चक्की निवडली की संख्या कमी चालते. स्थानकाबद्दलचा राग मला पटतो, पण तो भपक्यावरचा राग आहे. जिना कुठे उतरतो, उजेड कुठून येतो, चाकाची खुर्ची फलाटापर्यंत विनासायास जाते का, मी याला रचना म्हणते.

तारयात्री:
विजेच्या तारा वाहणाऱ्या मनोऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. ब्रिटनमध्ये २०११ च्या स्पर्धेतून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा मनोरा निवडला गेला. उंची साधारण ३५ मीटर, जुना जाळीदार मनोरा ५० च्या आसपास. कागदावर सरळसरळ सुधारणा. पण जाळीतून आभाळ आरपार दिसतं, त्यामुळे लांबून तो मनोरा विरून जातो. नवा खांब भरीव आणि पांढरा, हिरव्या डोंगरउतारावर तो चटकन डोळ्यांत भरतो. म्हणून 'नवं तेच सुंदर' हे मला मान्य नाही. प्रत्येक जागी उभं राहूनच ठरवावं लागेल.

लोहमार्ग:
जागोजागी उभं राहून ठरवत बसलात तर वीजवाहिनी कधी पूर्ण होणार? वाहिनी नाही म्हणून तयार पवनचक्क्या बंद ठेवाव्या लागतात, हे नुकसान रोजचं आहे. रचनेची तपासणी करा, पण मार्ग आखतानाच, मुदत घालून. मुदत संपली की काम सुरू.

क्षितिजरेषा:
मार्ग आखतानाच असेल तर मुदत मला मान्य आहे. मात्र त्या तपासणीत सुचवलेले बदल पुढे निविदेत 'खर्चकपात' म्हणून गाळता येणार नाहीत, ही अट तुम्हाला मान्य आहे का?