छोटा हत्ती, सतरा गोळ्या आणि 'बंदुका अशाच चालतात'

निवृत्तखाकी_ठाणे:
पामबीचपाटील यांनी परवा इथे फोरमवर लिहिलं, "अखेर मराठीत अस्सल ॲक्शन! पाम बीच रोडचा सीन बघा. बंदुका अशाच चालतात." ज्यांनी ती वेबसिरीज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरो चालत्या बुलेटवरून (फटफटी हो, दुसरी बुलेट पुढे येते) एका हातात पिस्तूल धरून पुढच्या छोटा हत्तीचा (टेम्पो हो) टायर फोडतो. गाडी तीन कोलांट्या खाते. मग टाकीत एक गोळी, आणि भडका थेट खाडीपर्यंत.

सीनला माझी हरकत नाही. हरकत आहे ती "अशाच चालतात" या दोन शब्दांना.

पोलिसात बत्तीस वर्षं काढली. बंदोबस्तात गोळी झाडायची वेळ एकदाही आली नाही, त्याबद्दल देवाचे आभार. पण प्रॅक्टिस व्हायची. पहिल्यांदा .३०३ रायफल हातात आली तेव्हा बट खांद्यात नीट रुतवला नव्हता. तीन राउंडनंतर खांदा भरताच्या वांग्यासारखा. पिस्तुलाची गंमत वेगळीच. दोन्ही हातांनी धरलंय, पाय रोवलेत, समोर पुठ्ठ्याचा माणूस उभा आहे. तो पळत नाही, उलटा गोळी मारत नाही. तरी माझ्या दहातल्या चार बाहेर. चाप दाबताना नळी केसभर हलली की तिकडे वीतभर फरक पडतो. आणि हा पठ्ठ्या खड्ड्यांतून बुलेट चालवत टायर टिपतो!

अजून एक. फायरिंग झालं की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एकदा माझी एक कमी भरली. भर मे महिन्यात अकरा जण ओळीने उकिडवे बसून संध्याकाळपर्यंत गवत चाळत होतो. शेवटी ती सापडली शेजारच्याच्या बुटाच्या घडीत. सिरीजमधला इन्स्पेक्टर अर्धा डबा काडतुसं उधळून गॉगल लावून निघून जातो, तेव्हा मला फक्त एवढंच वाटतं की याचा हिशोब कोण लिहिणार?

पामबीचपाटील:
काका, नमस्कार. अनुभवाचा आदर आहे. पण सिरीज म्हणजे पंचनामा नव्हे. मालिकेतली सून झोपेतून उठते तेव्हा लिपस्टिक जागच्या जागी असते, तिथे कोणी धागा काढत नाही. आम्ही ठाणे-बेलापूर रोडवर दीड तास सडून घरी येतो. नंतर आम्हाला हिशोब लिहिणारा हिरो नको, फोडणारा हवा.

ऐरोलीमास्तर:
पाटील, करमणूक हवी तर घ्या, "अस्सल" म्हणू नका. वाद तेवढाच आहे.

मला सगळ्यात खुपतं ते गोळी लागली की माणूस मागे दहा फूट उडून काचेतून आरपार जाणं. नववीच्या पोरांकडून करून घेतो ते गणित इथे मांडतो. ९ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. संवेग (किलोतलं वस्तुमान गुणिले वेग) झाला २.८. समोरचा माणूस ७० किलोचा. गोळी अंगातच राहिली तरी त्याला वेग मिळेल सेकंदाला ४ सेंटिमीटर. मुंगीसुद्धा ओव्हरटेक करेल.

आता क्रिकेटचा चेंडू घ्या. १६० ग्रॅम, ताशी १४० किलोमीटर. संवेग सहाच्या वर, म्हणजे पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून जास्त. बुमराचा बाउन्सर छातीवर बसला म्हणून बॅट्समन उडून विकेटकीपरच्या मांडीवर जाऊन बसलेला कोणी पाहिलाय? गोळी मारते ती आत शिरून जे फाडते त्याने, ढकलून नव्हे.

वाशीचाबंड्या:
मास्तर, शॉटगनने तरी उडत असेल ना? माझं बालपण पार उद्ध्वस्त करू नका.

ऐरोलीमास्तर:
बंड्या, जेवढा धक्का पुढच्याला तेवढाच मागच्याला. पुढचा दहा फूट उडणार असेल तर झाडणाराही उलट्या दिशेने तुर्भ्याला पोहोचला पाहिजे.

कळव्याचीसिस्टर:
माझंही एक गाऱ्हाणं घ्या. "खांद्यालाच तर लागलीय!" म्हणजे काय? खांदा हा काय फालतू अवयव आहे? तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते, नसांचा जुडगा जातो. हात कायमचा लुळा पडू शकतो, रक्त जाऊन माणूस दगावतो. आणि हा रुमाल बांधून पुढच्या सीनला त्याच हाताने हिरॉइनला उचलतो.

मग कोणीतरी सुरी चुलीवर लाल करून गोळी काढतं, वाटीत 'टण्' आवाज येतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. अहो, गोळी काढणं हे पहिलं काम नसतंच. पहिलं काम रक्त थांबवणं. कित्येकदा गोळी आहे तिथेच ठेवतात, कारण काढताना जास्त नुकसान होतं.

अवांतर: मॉनिटरवर सरळ रेघ आली की शॉक देणं तरी आता बंद करा. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. छाती दाबायची, इंजेक्शन द्यायचं. आमच्या वॉर्डात नातेवाईक अंगावर येतात, "शॉक का देत नाही, पैसे हवेत का?" हे कुठून शिकले?

साउंडवाला_घोडबंदर:
इतका वेळ गप्प होतो, पण आमच्या धंद्यावर आलंय म्हणून लिहितो. घोडबंदर रोडला सेट लागतात, तिथल्या मालिकांचा आवाज मी बसवतो.

एकदा हौसेने खऱ्या पिस्तुलाचं रेकॉर्डिंग मिळवून सीनला लावलं. दिग्दर्शक म्हणाले, "ही काय टिकली फुटली का?" खरा बार माइकवर नुसता 'टप्प' असा येतो, कोरडा, तुटका. कानाला बसणारा दणका माइकला पकडताच येत नाही. मग मी त्याखाली ढोलाची घुमी, वर दार आपटल्याचा आवाज आणि शेवटी पत्र्याचा खणखणाट घातला. दिग्दर्शक म्हणाले, "आता कशी खरी वाटते!" सांगा, मी कोणाचं ऐकू? पगार देणाऱ्याचं की काकांच्या खांद्याचं?

हिरोचा हात झटका खात नाही याचंही कारण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोला शूटिंगच्या तयारीत असताना 'रिकामी' म्हणून नटाच्या हाती दिलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि कॅमेरावुमन हॅलिना हचिन्स गेली. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी गोळी झाडू शकणारं हत्यार सेटवर आणतच नाहीत. आमच्याकडे तर रबराचं असतं. जाळ मागाहून कॉम्प्युटरवर. रबर झटका कसा देणार? नटाने अभिनय करायचा असतो, आणि तेवढं मानधन आम्ही देत नाही.

निवृत्तखाकी_ठाणे:
साउंडवाले, रबराचं मान्य. माणूस मरण्यापेक्षा खोटा सीन शंभरदा बरा. पण मग तो 'खट्' आवाज कशाला? हातात ग्लॉक (पिस्तुलाचा एक प्रकार) आहे. तिला बाहेर घोडाच (चाप नव्हे, मागचा हातोडा) नसतो. तरी दर धमकीला घोडा चढवल्याचा आवाज! आणि वरची स्लाइड तीनतीनदा ओढतात. आत काडतूस असताना स्लाइड ओढली तर ते बाहेर पडतं. म्हणजे व्हिलनला "बोल!" असं तीनदा दरडावलं की तीन जिवंत काडतुसं फरशीवर.

साउंडवाला_घोडबंदर:
'खट्' माझाच आहे. स्टेपलर.

वाशीचाबंड्या:
हसून हसून पुरेवाट. पण सायलेन्सरचं काय? तो 'फुस्स' तरी खरा आहे ना?

ऐरोलीमास्तर:
नाही. पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबल. सायलेन्सर लावून १३०च्या आसपास येतो. दिवाळीच्या फटाक्याला कायद्याची मर्यादा आहे ४ मीटरवर १२५. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात, पण अंदाज घ्या. म्हणजे लायब्ररीत 'फुस्स' करून माणूस मारला आणि शेजारचा पेपर वाचत राहिला, हे व्हायचं तर शेजारी सुतळी बॉम्ब फुटूनही तो पेपर वाचत राहिला पाहिजे. साध्या रिव्हॉल्व्हरला तर सायलेन्सर लावून फारसा उपयोगच नाही, चक्री आणि नळीमधल्या फटीतून आवाज बाहेर पडतो.

कोपरखैरणेकर:
डेसिबलचा विषय निघालाच आहे तर बोलतो. बंदुकीची चर्चा करताय, आणि आपल्या दारात दरवर्षी वाजतं त्याचं काय? निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, रात्रीची ४५. नियम २००० सालचा आहे. मिरवणुकीत शंभराच्या वर सहज जातं. २०१७ ला आमच्या गल्लीत स्पीकरच्या भिंतीसमोर अर्धा तास अडकलो होतो. तेव्हापासून उजव्या कानात शिट्टी वाजते. आत्ताही वाजतेय.

नौपाडाताशा:
आलं का गाडं सणांवर! बंदुकीच्या धाग्यातही ढोल दिसला. आमचं पथक राम मारुती रोडला वाजवतं, दोन महिने आधीपासून सराव करतो, दहाच्या ठोक्याला थांबतो. डीजेला आणि ढोलाला एका दावणीला बांधू नका.

कोपरखैरणेकर:
मी ढोल शब्द काढलाच नव्हता. तुम्हीच अंगावर ओढून घेतलात.

नौपाडाताशा:
"मिरवणुकीत" म्हणजे काय वाजतं? सनई?

ऐरोलीमास्तर:
दोघांनाही एक सांगतो. बार असतो काही मिलिसेकंदांचा, ढोल असतो चार तासांचा. कानाला दोन्ही घातक, वेगवेगळ्या रीतीने. नौपाडाताशा, तुम्ही वाजवताना कानात बोळे घालता?

नौपाडाताशा:
मास्तर, आता तुम्हीही? बोळे घालून ताशाचा ठेका कळतो का? तुम्हाला आमचे सणच खुपतात. लग्नातल्या हवेतल्या गोळीबारावर लिहा की. तिथे सगळ्यांची दातखीळ बसते.

निवृत्तखाकी_ठाणे:
दातखीळ कशाला बसेल? आनंदात गोळ्या झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत मारलेली गोळी हवेत राहत नाही, कोणाच्या तरी गच्चीवर येते. हेही सिनेमातूनच शिकलेत सगळे. आता ढोल थांबवा.

कळव्याचीसिस्टर:
नौपाडाताशा, ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्या. भांडण म्हणून नाही, खरंच सांगतेय. आमच्याकडे तिशीतली ताशावाली मुलं येतात.

नौपाडाताशा:
ताई, बघतो.
(पण डीजे वेगळा. तो मुद्दा सोडणार नाही.)

पामबीचपाटील:
काका, मूळ विषयावर येतो, राग मानू नका. तुम्ही म्हणता वास्तव दाखवा. आपल्या पोलिसांचं वास्तव म्हणजे काय, तर २६/११ ला हातात जुनाट ३०३ आणि समोर एके-४७. ते बघायला कोण पैसे देणार? म्हणून तर आम्हाला खोटा हिरो लागतो.

निवृत्तखाकी_ठाणे:
पाटील, हे लिहायच्या आधी थोडं थांबला असतात तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी ठाण्यात नाकाबंदीला होतो. वायरलेसवर काय काय येत होतं ते अजून ऐकू येतं. हत्यारं जुनी होती, खरं आहे. ३०३ मध्ये दहा गोळ्या, दर गोळीला बोल्ट ओढायचा. एके-४७ ची तीस गोळ्यांची मॅगझिन चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत रिकामी. हे माहीत असून माणसं उभी राहिली.

गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली. गोळ्या अंगात गेल्या, तरी नळी सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. मास्तरांचं ४ सेंटिमीटरचं गणित आज वाचलं, पण गोळी लागलेला माणूस मागे उडत नाही हे मला त्या रात्रीपासून माहीत आहे. तुमच्या सिरीजवाल्याने तो सीन केला असता तर ओंबळेंना हवेत उडवून मागच्या गाडीची काच फोडली असती. आणि मग कसाब पळाला असता.

पामबीचपाटील:
काका, चुकलो. ती ओळ मागे घेतो.

वाशीचाबंड्या:
(पॉपकॉर्न बाजूला ठेवला.)

साउंडवाला_घोडबंदर:
काका, एक कबुली. परवा एका एपिसोडला मी हट्टाने 'खट्' काढला होता. चॅनेलवरून मेल आला, "गन का साउंड मिसिंग है." परत घातला.

पामबीचपाटील:
मास्तर, शेवटचा प्रश्न. टाकीत गोळी मारली की भडका, हेही खोटंच का? खरं सांगा, एकदाच काय ते मरू द्या.

ऐरोलीमास्तर:
साध्या गोळीने टाकीला भोक पडतं आणि तेल गळतं. त्यातून तुमचा छोटा हत्ती डिझेलचा. डिझेलमध्ये पेटती काडी टाकली तरी बहुधा विझते. टायरचंही तसंच, भोकातून हवा जाईल, गाडी फरफटत कडेला लागेल. कोलांट्या नाहीत.

पामबीचपाटील:
सीएनजीचा होता असं समजा.

ऐरोलीमास्तर:
मग हिरोला आधी पंपावर रांगेत उभा दाखवा. अस्सल वाटेल.

पामबीचपाटील:
बरं, "अशाच चालतात" काढलं. "भारी चालतात" लिहिलंय. आता तरी खूश? काका, दुसरा भाग आलाय काल. तुम्ही काही बघणार नाही म्हणा.

निवृत्तखाकी_ठाणे:
नातीने लावलाय, बसलोय समोर. ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये सतरा येतात. सहाव्या मिनिटाला सतरा झाल्या, अजून बदललेली नाही. आता तेविसावी.