व्हॉइसमेलच्या ‘ग्रीटिंग’ला मराठीत काय म्हणाल?

कोपऱ्यातली खुर्ची
आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत फोनची नवी यंत्रणा आली आहे, अ‍ॅस्टेरिस्क नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारी. बसवणारा मुलगा अर्ध्या तासात सगळं भराभर सांगून गेला आणि घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. आपल्या टेबलावरून *९७ लावायचं, पासवर्ड टाकायचा, मग ० दाबायचं. फोन उचलला गेला नाही की समोरच्याला ऐकू येतात ती ‘ग्रीटिंग्ज’ तिथे आपल्या आवाजात भरायची: १ वर ‘अनअव्हेलेबल’, २ वर ‘बिझी’, ३ वर आपलं नाव, ४ वर ‘टेम्पररी’. हे सगळं मराठीत भरायचंय. फोन करणारे बहुतेक गावाकडचे सभासद.

साहेबांचा मसुदा असा: “नमस्कार. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या अनुपलब्ध अथवा व्यस्त आहे. कृपया बीपनंतर आपला संदेश सोडा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

मोठ्यानं वाचला आणि मलाच हसू आलं. नेमकं काय खटकतंय ते सांगाल का? आणि खुद्द ‘ग्रीटिंग’ला काय म्हणू?

खडूची भुकटी
आधी ‘व्यस्त’ काढा. वर्गात व्यस्त प्रमाण शिकवताना आम्ही सांगतो की मजूर वाढले की दिवस कमी होतात. व्यस्त म्हणजे उलटं, विस्कटलेलं. ‘कामात असलेला’ हा अर्थ आपल्याकडे हिंदीतून आला आणि मोबाईलवरच्या त्या बाईंनी तो घरोघर पोचवला. ‘व्यग्र’ वापरा. ग्रीटिंगला ‘स्वागतसंदेश’.

डायलटोन
गुरुजी, व्यग्र हा एकाग्रच्या उलट ना? चित्त दहा ठिकाणी पांगलंय तो व्यग्र. वसुलीचा माणूस दुसऱ्या फोनवर थकबाकीदाराशी बोलत असतो तेव्हा त्याच्याइतका एकाग्र माणूस कचेरीत दुसरा नसतो. :)

खुर्चीताई, १ आणि २ मधला फरक आधी बघा. फोन वाजून वाजून कुणी उचलला नाही की १ वाजतं. लाइन चालू असताना दुसरा फोन आला तर २. पण कॉल वेटिंग सुरू ठेवलंत तर दुसरा फोनही वाजतच राहतो आणि २ वाजायची वेळच येत नाही. म्हणून साहेबांचं ‘अनुपलब्ध अथवा व्यस्त’ मला फार विनोदी वाटतं. यंत्राला दोन्ही वेगळं कळतं, आणि आपण ते एकत्र कालवून सभासदाला सांगतोय की तूच ओळख.

जुनी ऑपरेटर
सव्वीस वर्षं बोर्डावर काढली, म्हणून चार शब्द.

आम्ही ‘अनुपलब्ध’ असं कधी म्हटलं नाही. “साहेब जागेवर नाहीत.” एवढंच. उपलब्ध असतं ते रॉकेल, नाहीतर तिकीट. माणूस जागेवर असतो किंवा नसतो. आणि या दोन शब्दांत सगळं झाकून जातं बरं का. साहेब चहाला गेलेत, बँकेत गेलेत की आलेच नाहीत, काही बाहेर पडत नाही. खोटंही बोलावं लागत नाही.

बिझीला “दुसऱ्या फोनवर बोलतायत.” लोक स्वतः काय म्हणतात? “एंगेज लागतोय.” तो शब्द इंग्रजी असला तरी आमच्या पिढीच्या तोंडी तोच बसलाय. पण यंत्रानं तसं म्हणायची गरज नाही, सरळ वाक्य बोला.

आणि ‘संदेश सोडा’ नको हो. मराठीत आपण उपास सोडतो, नोकरी सोडतो, नळाला पाणी सोडतात. बोलण्याच्या बाबतीत सोडायची ती पुडी, नाहीतर पिल्लू. निरोप ठेवतात. “काही निरोप ठेवायचाय का?” हे मी दिवसातून शंभरदा विचारलं असेल.

खडूची भुकटी
एंगेजवाला मुद्दा मान्य. व्यग्र मागे घेतो. पण निरोपात घोटाळा आहे. गणपतीला देतो तोही निरोप, सेवानिवृत्ताला देतो तोही. जुन्या पोथ्यांत तर निरोप म्हणजे आज्ञा.

जुनी ऑपरेटर
घोटाळा ‘देणे’-‘घेणे’ लावलं की होतो, गुरुजी. ‘ठेवणे’ लावलं की एकच अर्थ उरतो. आत्याकडे निरोप ठेवून आलो म्हटल्यावर कुणी विचारत नाही की आत्या कुठे निघाली.

डायलटोन
व्हॉइसमेलला ‘निरोपपेटी’ कसं वाटतं? टपालपेटी, मतपेटी, तक्रारपेटी अशी भावंडं आहेत. “निरोपपेटी भरली आहे” हे “मेलबॉक्स फुल आहे”पेक्षा कुणालाही पटकन कळेल.

खडूची भुकटी
निरोप समारंभात अध्यक्षांच्या हस्ते जी देतात, ती निरोपपेटी. पण असो, चालेल. ‘दूरध्वनी’लाही लोक आधी हसलेच असतील.

डायलटोन
आता खरी मेख सांगतो, ३ नंबरची, आपल्या नावाची. ग्रीटिंग भरलेलं नसेल तर यंत्रणा स्वतःचं वाक्य जुळवते. नाव भरलेलं असेल तर तुमच्या आवाजातलं नाव, आणि त्याला पुढे तयार तुकडा जोडलेला. नाव नसेल तर एक्स्टेंशनचा नंबर. इंग्रजीत हे खपून जातं, कारण तिथे नावाला काही होत नाही. मराठीत नावाला विभक्ती लागली की ते मुरडतं. देशमुखचं देशमुखांना, कुलकर्णीचं कुलकर्ण्यांना. रेकॉर्ड केलेलं नाव कसं मुरडणार?

एका ठिकाणी मराठी तुकडे भरताना आम्ही यावर दोन दिवस घालवले. शेवटी तोडगा सापडला सरकारी पत्रात. “देशमुख” थोडं थांबून “यांना”. नावाला हात लावायचा नाही, विभक्ती ‘यांना’नं झेलायची. क्रियापद आदरार्थी अनेकवचनात ठेवलं की बाई आहे का बुवा हेही यंत्राला कळायची गरज नाही: “देशमुख… जागेवर नाहीत.” सरकारी मराठीला आयुष्यभर नावं ठेवली, त्या दिवशी हात जोडले.

खडूची भुकटी
वा! हे मी उद्या वर्गात सांगणार. सामान्यरूप कशाला शिकायचं असं मुलं विचारतात, त्यांना उदाहरण मिळालं.

कोपऱ्यातली खुर्ची
सगळं टिपून घेतेय. टेम्पररीला ‘तात्पुरता’ ठीक आहे ना?

डायलटोन
शब्द ठीक, वस्तू धोक्याची. ४ वर काही भरलंत की १ आणि २ दोन्ही गप्प होतात, आणि तुम्ही स्वतः जाऊन पुसेपर्यंत तेच वाजत राहतं. आधीच्या नोकरीत माझ्याकडूनच झालं. दिवाळीला भरलं होतं, “कार्यालय पाडव्यानंतर उघडेल.” पुसायचं राहिलं. जानेवारीत एका व्यापाऱ्याचा निरोप आला: “कोणता पाडवा, ते सांगा. गुढीपाडवा असेल तर माल दुसरीकडून घेतो.”

तेव्हापासून मी सणाचं नाव घेत नाही. तारीख आणि वार.

जुनी ऑपरेटर
मग त्याला ‘रजेची पाटी’ म्हणा की. दारावर खडूनं लिहितो तशी. आणि खरं सांगू, गुरुजींचा ‘स्वागतसंदेश’ मला पहिल्यापासून टोचतोय. घरात कुणी नाही आणि स्वागत कसलं? ग्रीटिंग म्हणजे बंद दाराला लावलेली पाटीच. दुकान दुपारी १ ते ४ बंद, त्यात स्वागत कुठे असतं? पण पाटी वाचून माणूस उन्हात ताटकळत नाही. तुमचं ते यंत्र म्हणजे बोलती पाटी.

खडूची भुकटी
‘बोलती पाटी’ कचेरीच्या कागदावर कोण लिहू देणार? तिथे ‘निवेदन’ लिहा. घरात पाटी म्हणा.

डायलटोन
‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे मात्र कागदावरही नको. शब्द मराठी, वाक्य परदेशी. इतका महत्त्वाचा होता तर उचलायचा होता, असं सभासद म्हणेल.

आणि बटणांना ‘स्टार’, ‘हॅश’च म्हणा. विधानसभेत तारांकित प्रश्न विचारतात म्हणून फोनवर ‘तारांकन दाबा’ म्हणायला जाऊ नका. हॅश ज्याला कळत नाही त्याला मी “फुल्लीगोळ्याचं घर असतं ना, ते” असं सांगतो.

कोपऱ्यातली खुर्ची
आज भरलं. आधी माझ्या टेबलावर बसून भरत होते, तर ऐकताना लक्षात आलं की अर्ध्या वाक्यात नोटा मोजायचं मशीन घरघरतंय. मग दप्तराच्या खोलीत जाऊन, पंखा बंद करून तिसऱ्यांदा:

“नमस्कार. कर्ज विभाग. आत्ता कुणी जागेवर नाही. तुमचं नाव, गाव आणि सभासद क्रमांक सांगून निरोप ठेवा. बीप वाजली की बोलायला लागा.”

साहेबांनी ऐकलं, ‘कृपया’ कुठे गेलं म्हणाले. ‘ठेवा’चं ‘ठेवावा’ करू का असं विचारलं, तर म्हणाले राहू दे.

‘बीप वाजली’ की ‘बीप वाजला’ यावर कचेरीत दोन तट पडलेत, तो धागा वेगळा काढते. दुपारी पहिला निरोप आला. एक आजी आणि बहुधा त्यांचा नातू. सबंध निरोप एवढाच:

“अरे कुणी तरी बोलतंय.”
“काय म्हणतंय?”
“कुणी नाही म्हणतंय.”