बाबांना बेल्स पाल्सी: स्टिरॉइड सोडून कॉस्टिकम सुरू करायचं का?

लालबागची_लेक

मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त, जुना मधुमेह. सोमवारी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आईला वाटलं कवळी नीट बसली नाही. आरशात पाहिलं तर उजवा डोळा मिटत नव्हता आणि हसले की तोंड डावीकडे ओढलं जात होतं. पाच मिनिटांत अख्ख्या चाळीत 'अर्धांगाचा झटका' झाला. टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी भुवया वर करायला लावल्या. उजव्या कपाळावर एकही आठी पडेना. ही त्यातल्या त्यात बरी खूण म्हणे, मेंदूचा झटका असता तर कपाळ सहसा हललं असतं. मग हातपाय, बोलणं, साखर, आणि नागिणीचे फोड आहेत का म्हणून कानाच्या आतबाहेर पाहिलं. निदान, बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेचा अचानक आलेला लकवा. बाबा लगेच, "सिंगल बेल की डबल?" ओठ जुळत नसल्याने 'बेल'चं 'वेल' झालं, पण त्यांना स्वतःलाच हसू आलं, अर्ध्या तोंडाने.

प्रेडनिसोलोन (हेच ते स्टिरॉइड) १० दिवस, दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि पट्टी. मंगळवारपासून सुरू. काल जेवणानंतरची साखर ३४०! आई घाबरली.

त्यात माटुंग्याचे मामा. त्यांनाही सात वर्षांपूर्वी हेच झालं होतं, कॉस्टिकम २०० या होमिओपॅथी औषधाने तीन आठवड्यांत चेहरा सरळ. काल ते बाबांना त्याच होमिओपॅथकडे घेऊन गेले. पाऊण तास प्रश्न. कुठल्या कुशीवर झोपता, राग गिळता का, वारा कुठे लागला. बाबांना आठवलं की रविवारी मांडव्याहून लाँचने येताना ते कठड्यापाशी बसले होते. उजवी बाजू, गार कोरडा वारा, म्हणजे कॉस्टिकमच. कॉफी, कच्चा कांदा, कापूर बंद. शिवाय, "स्टिरॉइड चालू असेल तर आमचं औषध दबतं, आधी ते थांबवा."

खरं सांगू, बाबांना ते गृहस्थ आवडले. हॉस्पिटलात सात मिनिटं मिळाली होती, इथे कुणीतरी पाऊण तास ऐकून घेतलं. आज चौथा दिवस. साखर बघून गोळ्या थांबवाव्यात का? कुणी फक्त होमिओपॅथीवर बरं झालंय का?

बिनसाखरेचा

थांबवू नका. मलाही मधुमेह आणि मलाही हेच झालं होतं. स्टिरॉइडने साखर चढतेच, कोर्स संपल्यावर माझी खाली आली. तेवढ्या दिवसांपुरतं मला इन्सुलिन दिलं होतं. आत्ता, धागा वाचत बसण्याआधी, त्या डॉक्टरबाईंना फोन लावा. ३४० हा आकडा त्यांना कळायलाच हवा.

कंदील

फक्त होमिओपॅथीवर माझी मोठी जाऊ बरी झाली. अर्थात तिला नुसत्या लिंबूपाण्यावरही बरं वाटलं असतं का, हे आता कसं कळणार?

सातवी_नस

कंदील यांनी नेमकं बोट ठेवलंय. चेहऱ्याची ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीतून येते. ती सुजली की तिथेच दाबली जाते. काहीही औषध न घेता साधारण ७० टक्के लोक पूर्ण बरे होतात आणि बहुतेकांना पहिल्या तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. म्हणजे मामांचे तीन आठवडे औषधाविनाही तेवढेच भरले असते. त्यांना दोष नाही, गोळी घेतली आणि बरं वाटलं, तर माणूस गोळीलाच मानणार.

स्टिरॉइडचं तसं नाही, त्याची तुलना करून पाहिलेली आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी ८२. तुम्ही ती ७२ तासांची गाडी पकडलीत, आता मधल्या स्टॉपवर उतरू नका. होमिओपॅथीच्या बाजूने असा भरवशाचा पुरावा नाही. २०० पोटेन्सीत, म्हणजे औषध पुन्हा पुन्हा इतकं पातळ केल्यावर, मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नसते, तेव्हा गोळ्यांनी अपाय होणार नाही. अपाय होईल तो स्टिरॉइड थांबवल्याने.

आणि डोळा! चेहरा महिन्यांनीही सुधारतो, पण बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर वेगळंच दुखणं मागे लागतं. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर निदान पुन्हा तपासून घ्या.

कुडाळचो_काको

कॉस्टिकम हानेमानसाहेबांनी चुन्यापासून केलेलां. पुढचां मी बोलणंय नाय.

लालबागची_लेक

काका 😄 मामांना हे वाचून दाखवणार नाही.

फोन केला. गोळ्या चालू, इन्सुलिन सुरू, साखर दिवसातून चारदा तपासायची, परवा दाखवायला बोलावलंय. आई शांत झाली. मामा नाराज आहेत. मधला मार्ग म्हणून दहा दिवसांनंतर शाबुदाण्याच्या गोळ्या घेईन, असं बाबांनी त्यांना कबूल केलंय.

आता नवीन पंचाईत. बाबा रात्री झोपेत डोळ्यावरची पट्टी ओरबाडून काढतात आणि गालाला पुरळ आलंय. कागदी चिकटपट्टी चालते का? ती नेमकी कशी लावता?